परतीच्या फेरीची जागा

“दोर ढिला सोडू नको, चंचल. ओढ अन् दे, ओढ अन् दे. मनात मोजू नको, हातालेच मोजू दे.” बाबांचा हा आवाज चाळीस वर्षांनी मला पुन्हा ऐकू आला तो चंद्रपूरच्या आमच्या घरात, सकाळी सव्वासहाला. मी बुद्धमूर्तीपुढे बसून पंचशील घेत होते, चौथ्या शीलावर आले होते, आणि मागे स्वयंपाकघरात कसलासा आवाज सुरू झाला. खर्र. मग काही नाही. पुन्हा खर्र. मग काही नाही. उंदीर असा थांबून थांबून कुरतडत नाही. वंदना मध्ये सोडायची नाही हा माझा नेम आहे, आई गेली त्या सकाळीही मी तो मोडला नव्हता. म्हणून शेवटच्या ओळीपर्यंत मी हात जोडून बसले, पण माझे खांदे मात्र माझं ऐकेनात. उजवा खांदा मागे जायचा, मग डावा. जोडलेले हात त्यांच्याबरोबर हलत होते. वंदना संपवून, तीनदा वाकून मी मागे वळले. बाबा फरशीवर पाय पसरून बसले होते. डाव्या तळव्याखाली माझं लाटणं, ते मागेपुढे फिरवत होते, आणि उजव्या हातात उलथनं, त्याची कड लाटण्यावर टेकवलेली. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं काहीतरी, जे ते माझ्याकडे राहायला आल्यापासून चौदा महिन्यांत मी पाहिलं नव्हतं. माझी चाहूल लागली तसं त्यांनी लाटणं पोळपाटावर ठेवून दिलं. “तुह्या पोळ्या जाड होतात,” म्हणाले, “म्हून लाटणं पाहून राह्यलो.”

माझ्या पोळ्या जाड होत नाहीत. पण मी लाटणं धुऊन कणीक मळायला घेतली. नाव चंचल आणि बोलणं असं की शेजारच्या खोलीत पोचू नये, असं आई म्हणायची. मी आयटीआयच्या भांडारात काम करते. हातोड्या, कानशी, ड्रिलचे दात, खिडकीतून पोरांना द्यायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे. दिवसभर लोखंड आपटत असतं, त्यात हळू बोलणाऱ्या बाईचं चांगलं चालतं, कारण मग पोरंच आपला आवाज खाली आणतात. त्या दिवशी मात्र खिडकीशी उभं राहून मी काय देत होते याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. मला लाटण्यावरचा तो हात दिसत होता. कपबशी उचलताना हा हात इतका थरथरतो की बशी वाजते, म्हणून बाबा चहा स्टीलच्या पेल्यात पितात. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, शहात्तर म्हणजे काही कमी नाही, हाताला काम असू द्या. काम म्हणजे काय, मी शेंगा सोलायला द्यायची. बाबा सोलायचे, टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला, सगळं नीट, आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपायचे. एकदा म्हणाले होते, “चंचल, मानसाचे हात मानसाच्या अगुदर मरतात का वो?” मी म्हटलं, असं काऊन म्हणता बाबा. ते म्हणाले, सहज इचारलं.

बाबांचा खराद होता तेव्हा आम्ही चामोर्शीकडे राहत होतो. खराद म्हणजे लाकूड गोल कातायचं साधन, फार काही नाही. जमिनीत रोवलेले दोन ठोकळे, त्यांत समोरासमोर दोन टोकदार खिळे, त्या दोन टोकांत धरलेलं लाकूड. लाकडाला दोराचे दोन वेढे, आणि दोराची दोन टोकं समोर बसलेल्याच्या हातात. एकदा उजवं टोक ओढायचं, एकदा डावं. लाकूड गरगरायचं आणि बाबा जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्याने टेका देऊन पटाशी लावायचे. बापूरावच्या, म्हणजे बाबांच्या, हातचं लाटणं पंचवीस वर्षं वाकत नाही अशी ख्याती होती. दोर ओढायला आधी आई, मीराबाई. तिच्या पोटात माझा भाऊ होता तेव्हापासून मी. आठव्या वर्षी. भाऊ राहिला नाही, दोर माझ्याकडे राहिला. शिवणीच्या लाकडाचा तो वास, दुधाच्या सायीसारखा, आणि भुसा माझ्या फ्रॉकच्या घेरात साठायचा, उठताना मी तो आईच्या डोक्यावर उधळायची. एटापल्लीच्या बाजाराला बाबा सायकलवर माल बांधून जायचे, दोन दिवसांनी यायचे, येताना मोहाची फुलं नाहीतर चारोळी आणायचे. मला तेव्हा वाटायचं की जगातली कुठलीही गोल वस्तू, चंद्रसुद्धा, कुणीतरी समोर बसून दोर ओढल्याशिवाय गोल झालेली नाही. मग मी शिकायला चंद्रपूरला आले, दोर पुन्हा आईकडे गेला. आईचं दुखणं, दवाखाना, बाबा वर्षभर तिच्या उशाशी. आणि ती गेल्यावर गावी जाऊन पाहिलं तर खराद वाळवीने आतून खाल्लेला. हात लावला तिथे बोट आत गेलं. बाबांनी तो बोटाचा खड्डा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, चाल, तुह्या घरी चालतो.

तर आषाढी पौर्णिमेला, वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या नेमधर्माचे, तीन महिने सुरू होताना, मी मनाशी एक नेम धरला. दरवर्षी काहीतरी धरतेच. कधी रात्रीचं जेवण सोडते, कधी मौन. या वेळी ठरवलं की तीन महिने रोज एक तास बाबांसाठी खराद करायचा आणि अश्विन पौर्णिमेला त्यांच्यापुढे ठेवायचा. दोराचा नाही. दोर ओढायला माणूस लागतं, आणि मी तर नऊला घराबाहेर पडते. मोटरचा. बटण दाबलं की फिरला पाहिजे, कुणाचं मिंधेपण नको. विहाराच्या मागे सतरंज्या ठेवायची पत्र्याची खोली आहे. विहार मी झाडते, किल्ली माझ्याकडेच असते, कमिटीला विचारलं तर म्हणाले, करा बाई काय करायचं ते, फक्त सतरंज्यांवर तेल सांडू नका. आणि इसरू सरांना सांगितलं. इसरू सर आमच्याकडे टर्नर शिकवतात, मूळचे एटापल्लीच्या पुढच्या गावचे, पुढच्या वर्षी रिटायर होतील. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जोहार आहे तुम्हाले चंचलबाई. लोक मायबापाले तीर्थाले नेतात, तुमी कारखाना टाकून देऊन राह्यल्या.”

ते तीन महिने. आता आठवलं तरी हसू येतं. घुग्घुस रोडवरच्या भंगारवाल्याकडून जुन्या वॉशिंग मशीनची मोटर आणली. तो म्हणाला, बाई, याने कपडे धुतले जात नाहीत. मी म्हटलं, मला लाकूड धुवायचंय. सायकलच्या पायडलचा धुरा, त्याच्या गोळ्यांसकट, तो झाला मुख्य दांडा. सर म्हणाले, आयटीआयच्या मोडीतलं एक बेअरिंग देतो, कोण विचारते. मी म्हटलं, सर, न दिलेलं घ्यायचं नाही हे मी रोज सकाळी म्हणते. ते म्हणाले, मी देऊन राह्यलो ना. मी म्हटलं, ते तुमचं कुठी आहे. मग चार दिवस रुसले, आणि पाचव्या दिवशी घरून आपल्या जुन्या स्कूटरचं बेअरिंग काढून घेऊन आले. “घ्या. आता स्कूटरले इचारा, तिची परवानगी आहे का.” लोखंडी अँगलचे दोन रूळ, त्यांवर सरकणारा ठोकळा, लाकडी टेबलाला कंबरेइतके पाय, कारण बाबांचे गुडघे आता जमिनीवर बसायला कुरकुरतात असं मला वाटायचं. हातांना ग्रीस लागायचं, ते निघता निघत नसे, आणि दुसऱ्या दिवशी वंदनेला हात जोडले की नखांतली काळी रेघ डोळ्यांसमोर यायची. मला त्याची लाज वाटली नाही. उलट फुलं वाहताना वाटतं तसं काहीतरी वाटायचं. एकच गोष्ट टोचायची. बाबा विचारायचे, कुठी चालली? मी म्हणायची, विहारात. हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना दर सकाळी माझा आवाज एक पायरी खाली उतरायचा.

अश्विन पौर्णिमेला सकाळी बुद्धवंदना झाली, खीरदान झालं, आणि मी बाबांना मागच्या खोलीत नेलं. अष्टशील घेतलेलं होतं, अंगावर पांढरं लुगडं, आणि वाटत होतं की जणू मीच काहीतरी चोरून आणलंय. खरादावर पांढरी चादर टाकली होती. इसरू सर दाराशी उभे. मी म्हटलं, बाबा, मी तुमच्याशी तीन महिने खोटं बोलली. विहारात जातो म्हणून इथी येत होती. बाबा म्हणाले, “मले माईत होतं.” कसं? “विहारातून आली का तुह्या केसात भुसा राहे. विहारात भुसा कुठून येते?” मग काऊन नाही विचारलं? बाबांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मले वाटलं, आरागिरणीवाल्या कोन्या मानसाशी जमलं तुहं. म्हटलं, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी का होईना, जमून राह्यलं तर जमू दे.” सर खोकायला बाहेर गेले ते बराच वेळ आत आलेच नाहीत. मी चादर ओढली.

बाबा बघत राहिले. मग जवळ आले, रुळावरून हात फिरवला, टोकाशी बोट लावून धार पाहिली, दांडा हाताने फिरवला. गोळ्या अशा फिरल्या की आवाजच नाही. “हे तू केलं,” म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. मी शिवणीचा तुकडा लावून ठेवला होता. पटाशी त्यांच्या हातात दिली, बटण दाबलं. लाकूड फिरू लागलं आणि इतकं भरभर फिरलं की लाकूड दिसेना, नुसती धूसर रेघ. बाबांनी पटाशी टेकवली. एक सुंदर कीस निघाला, लांब, कानातल्या बाळीसारखा. मग पटाशी उचलली गेली. पुन्हा टेकली ती आदळली. ठण्ण करून आवाज, बाबांच्या मनगटाला झटका. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली गेली, पुन्हा ठण्ण. दाराशी परत आलेले सर म्हणाले, बापूराव, उचलू नका, धरून ठेवा, ते थांबत नाई. बाबांनी मान हलवली, दात दाबून धरले, पटाशी टेकवली, आणि हात पुन्हा उचलला गेला. चौथ्यांदा लाकूडच सुटून पत्र्यावर जाऊन आपटलं. मी बटण बंद केलं. बाबा हसले. तेवढं ते हसले नसते तर बरं झालं असतं. “बेस आहे,” म्हणाले, “लय बेस केलं. हे इसरूभाऊले देऊन टाक, पोरं शिकतीन. माहे हात राह्यले नाईत आता.” आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

अष्टशीलामुळे त्या दिवशी दुपारनंतर जेवायचं नव्हतंच, त्यामुळे माझं न जेवणं कुणाला दिसलं नाही. मी बसून विचार करत होते की मी काय दिलं? एका माणसाला मनातल्या मनात थोडी शंका होती, आणि मी तीन महिने खपून, ग्रीस लावून, स्कूटर मोडून त्याला तिचा पुरावा आणून दिला. हे दान होतं की हट्ट होता? आधी त्यांच्याकडे निदान लाटणं होतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा तो आवाज बंद झाला. मी वंदनेला बसायची आणि मागे कान लावायची. स्वयंपाकघरात काही नाही. पाचही शीलं सलग, स्वच्छ, कुठेही अडखळ न येता म्हणून व्हायची, आणि अशी स्वच्छ वंदना मला नकोशी वाटायची. असे आठ दिवस. नवव्या दिवशी विहार झाडून मागची खोली झाडायला गेले, तर सतरंज्यांच्या खाली तो उडालेला शिवणीचा तुकडा सापडला. उचलून केराच्या टोपलीत टाकणार, तेवढ्यात बोटांना काहीतरी लागलं. मी दारात, उजेडात येऊन बसले. तुकड्यावर आडव्या खाचा होत्या. एक खाच, मग कोरी जागा, मग खाच, मग कोरी जागा. सारख्या अंतरावर. थरथरणारा हात असा चुकत नाही. थरथर म्हणजे कुठेही कशीही रेघ. हे तर मोजून केल्यासारखं. मी डोळे मिटून त्या खाचांवरून बोट नेलं, आणि माझा उजवा खांदा मागे गेला. मग डावा.

उजवं टोक ओढलं की लाकूड बाबांकडे फिरायचं. तेव्हा पटाशी टेकलेली. डावं टोक ओढलं की लाकूड उलटं फिरायचं; तेव्हा ती केसभर उचललेली, नाहीतर धार मरते. पन्नास वर्षं हा हात अर्धा वेळ लाकूड कातत आला आणि अर्धा वेळ समोरच्याच्या डाव्या हातासाठी थांबत आला. आईच्या, माझ्या. मोटर एकाच बाजूने फिरते, तिला परत जायचं नसतं. बाबांचा हात मेला नव्हता. तो परतीच्या फेरीसाठी जागा सोडत होता. मी तिथे दारात बसून हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. समोरून पाणी भरायला चाललेली शेजारची रंजीता थांबली आणि म्हणाली, काय वो ताई, बरं आहे ना? मी म्हटलं, लय बरं आहे.

संध्याकाळी सरांना मोटरचा पट्टा काढायला सांगितला. मोटर काढा, आणि टेबलाचे पाय कापा, वीतभर ठेवा. सरांनी चष्मा काढला. “तीन महिने उंच केलं, आता पाय कापा? चंचलबाई, मोटरसायकल सोडून कोनी बैलबंडीत बसते का?” मी खाचा असलेला तुकडा त्यांच्या हातात ठेवला आणि सांगितलं. सरांनी तो उलटासुलटा करून पाहिला, दोनदा बोट फिरवलं, आणि करवत शोधायला लागले. कापताना एकदाच पुटपुटले की तीस वर्षं शिकवून राह्यलो, हे पुस्तकात नाई.

बाबा यायला तयार नव्हते. “काऊन मले पुन्हा पुन्हा नेऊन राह्यली? पाहिलं ना एकदा?” मी म्हटलं, माझ्यासाठी चला, मला बसायला सोबत नाही. ते आले. बुटका झालेला खराद पाहिला, लाकडाला घातलेले दोराचे दोन वेढे पाहिले, आणि समोर पोत्यावर मी पदर खोचून बसलेली. ते उभेच राहिले. मग भिंतीला धरून, गुडघ्यांची कुरकूर ऐकत, हळूहळू खाली बसले, आणि बसल्यावर त्यांचा पाय आपोआप पुढे आला, अंगठा टेक्याशी जाऊन लागला. मी ओढलं. तीसेक वर्षांनी. पहिल्या चार फेऱ्यांत लाकूड नुसतं डुगडुगलं, दोर तळहाताला चावला. बाबा माझ्या हातांकडे बघून म्हणाले, “तुही माय बरी होती तुह्यापेक्षा.” मी म्हटलं, मग तिच्याचसंगं कातलं असतं. “कातलंच तं,” म्हणाले, आणि पटाशी टेकवली. खर्र. उचलली. खर्र. उचलली. कापरं गेलं नव्हतं. उचललेल्या वेळात पटाशीचं टोक पानासारखं हलताना मला दिसत होतं. पण टेकली की लाकूड तिला धरून ठेवायचं, आणि सुटली की मी. त्या मधल्या एवढ्याशा वेळात ते माझ्याकडे बघायचे. लहानपणी हे मला कधी कळलं नव्हतं की ते दर फेरीला माझ्याकडे बघतात. शिवणीचा तो वास खोलीभर झाला. भुसा माझ्या मांडीवर, पोत्यावर, सरांच्या बुटांवर. माझे खांदे जळत होते, आणि मला वाटत होतं की ही संध्याकाळ अशीच मागेपुढे फिरत राहावी.

एक साधी दांडी निघाली. दोन्ही टोकांना गोल गोंडा, मध्ये बारीक कंबर. फार सरळ नव्हती. बाबांनी ती गालाला लावून पाहिली, पूर्वी करायचे तसं, आणि सरांच्या हातात दिली. “इसरूभाऊ, तुमचे उपकार कसे फेडू?” सर म्हणाले, उपकार कायचे, माझी स्कूटर तशीही चालत नव्हती. मग बोलता बोलता निघालं की सरांच्या मुलीला, सुकरीला, एटापल्लीला मुलगी झाली आहे, रविवारी नाव ठेवायचं आहे, सर शनिवारी निघणार. “खुळखुळा कोनता नेऊन राह्यले?” बाबांनी विचारलं. प्लास्टिकचा घेतला बाजारातून, सर म्हणाले. बाबांचं तोंड असं झालं की जणू कुणी भातात खडे कालवले. “तो ठेवून द्या. मी देतो. शिवणीचा, दांडीवर तीन कड्या, त्याच लाकडातून सोडवलेल्या. सांधा नाई, चीर नाई. फिरतीन पन निघनार नाईत.” मी दोर गुंडाळत होते, थांबले. असा खुळखुळा बाबांनी माझ्यासाठी एकदा केला होता, तेव्हा त्यांचं वय तीसही नव्हतं. कडी सोडवताना शेवटच्या फेरीला पटाशी केसभर जास्त गेली की कडी तुटते. हात पानासारखा हलणाऱ्या माणसाने हे कबूल करू नये. सरांनाही ते कळत होतं, ते म्हणाले, राहू द्या बापूराव, साधाच करा. “शुक्रवारी घेऊन जा,” बाबा म्हणाले. “पोरीच्या पोरीले साधा काऊन?”

बुधवारी पहिल्या दांडीच्या दोन कड्या तुटल्या. गुरुवारी दुसऱ्या दांडीच्या दोन सुटल्या आणि तिसरी तुटली. बाबा हसले नाहीत, शिवी दिली, आणि त्या शिवीने मला इतकं बरं वाटलं की मी मनातल्या मनात तिची क्षमा मागितली. घरी आले. जेवले नीट. भिंतीकडे तोंड केलं नाही. छताकडे बघत पडले होते आणि उजव्या हाताचं बोट चादरीवर काहीतरी मोजत होतं.

शुक्रवारी सकाळी मी वंदनेला बसले. बाहेर अजून गार होतं, कोळशाच्या गाड्यांचा आवाज लांबून येत होता. दुसरं शील म्हणत होते तेव्हा मागे बाबा उठल्याचं कळलं. पेल्यात पाणी ओतलं, प्यायले. पटाश्या ज्या फडक्यात बांधून ठेवतात त्याची गाठ सोडली, काहीतरी पाहिलं, पुन्हा बांधली. या घरात आल्यापासून ते माझ्याशिवाय उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. टोपी शोधत होते, ती सापडली. विहाराची किल्ली खिळ्याला असते. खिळा थोडा वाजला. मला हाक मारली नाही. वंदना संपायला किती वेळ लागतो ते त्यांना माहीत आहे, आणि तेवढ्या वेळात लाकूड टोकांत बसवून, दोराचे वेढे घालून होतं. दाराची कडी त्यांनी दोन्ही हातांनी, आवाज न करता काढली, आणि बाहेरून दार हळूच लोटून घेतलं.